पहिल्या धड्यापुरतं

माझ्या बाबांनी आसपासच्या कितीतरी गावांना वाचायला शिकवलं, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. बाबा गेल्यावर शाळेत दुखवट्याची सभा झाली तेव्हा एकेक जण उठून हेच सांगत होता. माय माझ्या शेजारी डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. शेवटचे वक्ते तिच्याकडे हात करून म्हणाले, की मास्तरांनी ज्ञानदानाची सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. सभा दुखवट्याची होती म्हणून, नाहीतर टाळ्या पडल्या असत्या. मी मायकडे बघायचं टाळलं, कारण मला राग आला होता आणि तो तिथे दाखवायची सोय नव्हती.

मला जे आठवतं ते निराळं आहे.

बाबा गोंदियाला प्राथमिक शाळेचे हेडमास्तर. घर गावाच्या टोकाला, मुर्रीच्या वाटेवर. मागच्या दारी उभं राहिलं की धानाच्या बांध्या दिसायच्या आणि पुढच्या दारी स्टेशनकडे जाणाऱ्या बैलगाड्या. ज्या साली प्रांतात आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ आलं, त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्याकडे साक्षरतेचं वारं आलं. मोठ्या माणसांना वाचायला शिकवायचं. शिकवणार कोण, तर खेड्यापाड्यातले मास्तर. त्यांना तिरोड्यापासून सगळीकडून सुट्टीत गोंदियाला बोलवायचं, पोरांना शिकवणं आणि बाप्यांना शिकवणं यातला फरक समजावून सांगायचा, आणि परत जाताना प्रत्येकाच्या हातात पुस्तकांचा गठ्ठा द्यायचा. पुस्तक कोणतं द्यायचं ते ठरवायला एक कमिटी नेमली होती.

कमिटीत एक मालगुजार होते, म्हणजे आमच्याकडचे जमीनदार. आपले पूर्वज माळव्यातून कसे आले हे ते प्रत्येक बैठकीत सांगत. दुसरे राइस मिलचे सेठजी, त्यांना मराठी ऐकायला चालायचं, वाचायला नाही. तिसरे शिक्षण खात्याचे साहेब, ते यायचे आणि घड्याळ बघायचे. चौथे बाबा. त्यामुळे पुस्तकं वाचायचं काम कोणाच्या गळ्यात पडलं हे सांगायला नको.

एका दुपारी शाळेचा शिपाई टोपलीभर पुस्तकं घेऊन आमच्या सपरीत उतरवून गेला. सपरी म्हणजे आमच्याकडची पुढची पडवी. बाबांची शाळा सकाळची झाली होती, जेवण झालं की ते सपरीत चटईवर बसून पुस्तकं चाळत आणि चरफडत. एक पुस्तक पुण्याकडचं होतं, त्यात पानोपानी नारळ, होडी आणि समुद्र. आमच्या लोकांनी पाणी बघितलं ते तलावाचं. दुसऱ्यात शिकवणं कमी आणि झापणं जास्त, अंग धुवा, दारू सोडा, कर्ज काढू नका. तिसऱ्यातली अक्षरं इतकी बारीक, की बाबांनाच चष्मा पुसावा लागला. आणि तळाला एक होतं ते सरळसरळ पोरांचं अंकलिपीचं पुस्तक. वरचं पान तेवढं नवं लावून त्यावर 'प्रौढांसाठी' असं छापलं होतं. आतमध्ये मात्र प्रत्येक वाक्यात 'बाळ' होतं. बाळ, बस. बाळ, घर बघ.

बाबा हसून म्हणाले, की मिशीवाला माणूस हे वाचून पाटी डोक्यात घालेल मास्तरच्या.

पण बाबा नेकीने काम करणारे होते, हे मी त्यांच्यावर रागावलेली असूनही सांगते. नुसतं वाचून पुस्तकाची पारख होत नाही, ज्याला एक अक्षर येत नाही अशा माणसावर ते लावून बघितलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. असा माणूस शोधायला त्यांना उंबऱ्याबाहेर जायची गरज नव्हती.

माय तेव्हा आत तांदूळ पाखडत होती. बाबांनी हाक मारली, तशी ती सूप हातात घेऊनच बाहेर आली.

मायचं माहेर नागऱ्याजवळचं. महादेवाच्या देवळाच्या सावलीत वाढली, आठव्या नवव्या वर्षी लग्न होऊन मास्तरांच्या घरी आली, आणि मास्तरांच्या घरी राहूनही तिला अक्षर येत नव्हतं. याचं कोणाला नवल वाटत नसे. तिला स्वतःला वाटायचं. तिला पोथी वाचायची होती. श्रावणात आमच्या गल्लीत एका घरी पोथी लागायची, वाचणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना जेवणाची घाई झाली की ते हळूच पानं सोडून पुढे जायचे. सगळ्या बायका डुलत ऐकत राहायच्या, मायला मात्र दरवेळी कळायचं. घरी येऊन भाकरी थापताना ती म्हणायची, "आजबी चार पानं खाल्ली बुढ्यानं. मले वाचता आलं असतं तं एक अक्षर नसतं सोडलं." ती हे इतक्या वेळा म्हणाली आहे, की आम्ही त्याकडे लक्ष देणं सोडून दिलं होतं.

त्या दुपारी बाबांनी तिला चटईवर बसवलं आणि समुद्राचं पुस्तक उघडलं. मी सातवीची परीक्षा देऊन लग्न ठरायची वाट बघत घरात होते, दाराशी बसून मोहफुलं निवडत सगळं बघत होते. मायचे कान लाल झाले होते. वीस बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या शेजारी चटईवर दिवसाउजेडी बसायची तिची ती पहिली वेळ असावी.

ती झपाट्याने शिकली. पहिल्या धड्यातली अक्षरं तिला चार दुपारीत आली. सकाळी अंगण सारवताना ती ओल्या शेणावर बोटाने तीच अक्षरं काढायची आणि कोणी दिसलं की हाताचा फेर मारून पुसायची. मी दिसले तर पुसायची नाही. पाचव्या दिवशी ती कामं उरकून, धुतलेलं लुगडं नेसून चटईवर येऊन बसली आणि बाबांनी समुद्राचं पुस्तक बाजूला ठेवून झापणारं पुस्तक उघडलं.

ती म्हणाली, यातला पुढचा धडा राहिला.

बाबा म्हणाले, की त्या पुस्तकाचा अंदाज त्यांना आला, आता याचा घ्यायचा.

अशी एकामागून एक पुस्तकं झाली. प्रत्येकाचा पहिला धडा, आणि मग दुसरं पुस्तक. अक्षरं तर तीच, कुठे 'घ' आधी तर कुठे 'म'. तिसऱ्या पुस्तकाला माय पान उघडताच घडाघडा वाचू लागली, तेव्हा बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. ते म्हणाले, "मागच्या पुस्तकातलं विसरून बसत जा. तुला आधीच येत असलं, तर हे पुस्तक कसं आहे ते मला कसं कळायचं?"

आणि ती विसरायचा प्रयत्न करू लागली. खोटं सांगत नाही. येणाऱ्या अक्षरावर बोट ठेवून ती थांबायची, बाबांच्या तोंडाकडे बघायची, त्यांनी सांगितलं की मान हलवायची. मला आधी हसू आलं, नंतर येईनासं झालं. ती आत आली तेव्हा मी तिला म्हटलं, की मी शिकवते तुला पुढचं, बाबा शाळेत गेले की बसू. तिने तोंडावर बोट ठेवलं. "त्याहीचं काम बिघडेल," ती म्हणाली. "पुस्तकं झाली का शिकवतीलच ना थे."

टोपलीच्या तळाचं पुस्तक शेवटी आलं, ते बाळाचं. तोवर माय विसरण्याला कंटाळली होती. मला वाटतं तिने मनाशी हिशेब केला, की हे शेवटचं आहे, यानंतर पुस्तक बदलायला पुस्तकच नाही, लवकर संपवलं तर दुसरा धडा मिळेल. बाबांनी पान उघडलं आणि तिने पहिला धडा न अडखळता, बोटसुद्धा न लावता, वरपासून खालपर्यंत वाचून दाखवला. वाचला आणि स्वतःच पान उलटायला हात पुढे केला.

बाबांनी पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं. त्यांचा चेहरा फुलला होता. "हेच," ते म्हणाले. "एका दमात आलं तुला. मी उगीच हसलो याला." आणि कोट चढवून, पुस्तक काखेत मारून ते भर उन्हात मालगुजारांकडे गेले.

माय चटईवरच बसून राहिली. मग मला म्हणाली, "ते पुस्तक सोपं नाई पोरी. मले आधीपासूनच येत होतं." मी म्हटलं, बाबांना सांग. बाबा परत आले तेव्हा तिने सांगितलंही, ताट वाढताना, हळू आवाजात. ते जेवत होते. म्हणाले, की पारख करणं माझं काम आहे, तुझं नाही. तिने भात वाढला.

कमिटीत काय झालं ते बाबांनीच घरी येऊन कौतुकाने सांगितलं. सेठजींनी विचारलं, "मास्टरजी, इसकी क्या गारंटी है?" तेव्हा बाबांनी सांगितलं, की हे पुस्तक त्यांनी स्वतःच्या पत्नीवर लावून बघितलं आहे. साहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा घड्याळ सोडून बाबांकडे बघितलं आणि विचारलं, वाचतात का त्या आता? बाबा म्हणाले, वाचते.

एवढाच शब्द. बाबा खोटारडे नव्हते. त्यांच्या समोर तिने वाचलं होतं, म्हणून ते म्हणाले वाचते. पण तो शब्द कमिटीतून शाळेत गेला, शाळेतून बाजारात, आणि मास्तरांचा वर्ग भरला तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर भाषणात सांगितला. खेड्याखेड्यातले मास्तर आमच्या घरी पाणी प्यायला म्हणून यायचे आणि मायला दारातून नमस्कार करून जायचे. कोणी म्हणे घरची लक्ष्मी, कोणी म्हणे सरस्वती. ती आत चुलीपुढे बसून राहायची.

मुर्रीला बायकांचा वर्ग निघाला तेव्हा त्याची सुरुवात मायच्या हातून करायची असं ठरलं. तिने पहिला धडा वाचून दाखवायचा. रात्रभर तिला झोप आली नसावी, सकाळी डोळे सुजले होते. बाबा म्हणाले, घाबरायचं काय, पहिलाच तर धडा आहे, तुला येतो. ते खरंच होतं. मालगुजारांच्या ओसरीत, हळदीकुंकवाला आल्यासारख्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. माय उभी राहिली, पुस्तक धरलं आणि तिने स्पष्ट आवाजात वाचलं. बाळ, बस. बाळ, घर बघ. एक म्हातारी पवारीण पदर तोंडाला लावून हसली, पण बाकीच्या बायका अवाक होऊन बघत होत्या. आपल्यातल्या बाईला वाचताना त्यांनी बघितलं नव्हतं.

वर्ग रोज दुपारी भरायचा. शिकवायला एक प्रशिक्षित बाई होत्या. दुसऱ्या आठवड्यात मायने बाबांना विचारलं. मी तिथेच होते म्हणून मला तिचे शब्द माहीत आहेत.

"मी बी बसली त्या बायकाइच्या संगं तं चालन का जी? मांगं बसतो. कोनाले दिसनार नाई."

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ते चिडले नाहीत, घाबरले. मला वाटतं त्यांना तेव्हा पहिल्यांदा समजलं, की आपण काय बोलून बसलो आहोत. "लोक काय म्हणतील? मास्तर खोटं बोलला म्हणतील," ते म्हणाले. "वर्गच मोडेल सगळा. तू जा, पण शिकायला नको जाऊ. नुसती जात जा."

म्हणून ती नुसती जात राहिली. मुर्रीला तिच्यासाठी खुर्ची ठेवलेली असायची. मानाची खुर्ची, शिकवणाऱ्या बाईंच्या शेजारी, बायकांकडे तोंड करून. फळा तिच्या पाठीमागे. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. बाई फळ्यावर लिहायच्या, बायका बघून म्हणायच्या, आणि माय बायकांच्या तोंडाकडे बघत बसायची. एकदा तिने मान वळवून फळ्याकडे बघितलं, तशा बाई अदबीने म्हणाल्या, काही चुकलं का हो माझं? मायने मान फिरवली ती फिरवलीच.

त्यात गंमत अशी की वर्ग तरीही मोडलाच. मुर्रीचा मोडला, इतर गावांचेही मोडले. बाप्ये म्हणाले, आम्हाला बाळ म्हणायला तुम्ही काय आमचे बाप आहात? पहिल्या अक्षरांवरच लोक अडकायचे, कारण पुस्तक पोरांचं होतं आणि सहा महिने सावकाश शिकायला कोणाला वेळ नव्हता. मास्तर हात हलवत परत यायचे आणि बाबा त्यांना म्हणायचे, की पुस्तक उत्तम आहे, घरी करून बघितलंय, शिकवण्यात कसर राहते. पुढे लढाई आली, कागद मिळेना, साहेब बदलले, मंत्रिमंडळही गेलं होतं. उरलेले गठ्ठे शाळेच्या कोठीत पडून राहिले.

पण मायचं नुकसान अजून व्हायचं होतं. वर्ग निघाले त्याच वर्षीच्या श्रावणात पोथी लागली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी तिलाच पुढे केलं. वाचणारे म्हातारे आजारी होते. आता आपल्याच घरात वाचणारी असताना बाहेरचा कायले, असं म्हणून त्यांनी पोथी तिच्यासमोर आणून ठेवली. माय म्हणाली, "डोरे दुखून राहिले माहे." दुसऱ्या दिवशीही डोळे दुखत होते. तिसऱ्या दिवशी ती गेलीच नाही. त्यानंतर ती कधीच पोथीला गेली नाही. आधी निदान चार पानं सोडून का होईना तिच्या कानावर पडत होती. वाचता येतं असं ठरल्यापासून तिचं ऐकणंही गेलं.

त्याच मार्गशीर्षात माझं लग्न झालं आणि मी तिरोड्याला गेले. जाण्याआधी मी तिला पुन्हा म्हटलं होतं, शिकवते. ती म्हणाली, "भिंत पातळ आहे बाई. बाजूच्यानं आयकलं तं तुह्या बाबाची काय राहील?" मला बाबांचं काही राहावं असं वाटत नव्हतं. तिला वाटत होतं. इथे माझं डोकं अजून फिरतं.

बाबा गेले ते देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या वर्षी. दिवस झाल्यावर मी महिनाभर मायजवळ राहिले. शाळेची कोठी आवरताना नव्या हेडमास्तरांनी ते गठ्ठे रद्दीत काढले होते, त्यातलं एक पुस्तक शिपायाने आठवण म्हणून आणून दिलं. वरचं पान गेलं होतं. मी ते मायपुढे ठेवलं आणि म्हटलं, आता कोणाची भीती आहे? चल, शिकू.

ती खूप वेळ पुस्तकावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "पयला धडा नोको. पयला मले येते. दुसरा सांगशील तं बसतो."

आम्ही त्याच सपरीत चटई टाकली. मी दुसरा धडा उघडून तिच्यासमोर धरला. तिने पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं, उजेडाकडे वळवलं. मग माझ्याकडे बघून ओशाळं हसली. तिचे डोळे पांढुरके झाले होते आणि ते मला तोवर दिसलं नव्हतं, कारण घरातलं सगळं काम ती सवयीने, चाचपून करत होती. इतकी वर्षं डोळे दुखतात म्हणत आली होती, कोणी दाखवायला म्हणून नेलं नव्हतं.

"तूच वाचून दाखव," ती म्हणाली. "काय आहे दुसऱ्यात?"

मी वाचलं. 'बाळ, ही आई. आई घरात आहे. आई काम करते.' खाली चूल आणि चुलीपुढे बसलेल्या बाईचं चित्र होतं, तेही मी सांगितलं.

ती पुढचं ऐकायला थांबली होती. मी म्हटलं, झाला धडा.

"एवढंच होतं?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "अन् याच्यासाठी मी त्या खुर्चीवर बसून राहिली," ती म्हणाली, आणि चाचपत आत गेली. थोड्या वेळाने आतून तांदूळ पाखडल्याचा आवाज येऊ लागला. तिसऱ्या धड्याचं तिने पुढे कधी विचारलं नाही.